आमची वाटचाल : जुन्या जीपचं डिफरन्शियल आणि त्याला जुळणारे एक्सल

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट लागायच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. सुरुवातीचं सगळं काम काळी-पिवळीचं, म्हणजे प्रवासी जीपचं होतं: क्लच, कमान-पाटे, ब्रेक. त्या गाड्या कमी झाल्या. आता संत्र्याच्या बागेत, शेतात जुनी जीप जपून वापरणारे येतात आणि निम्मं काम मागच्या हौसिंगचं, म्हणजे डिफरन्शियल आणि एक्सल ज्यात बसतात त्या कवचाचं असतं.

गिऱ्हाईक भंगारातून डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा) आणतं, त्यात आपल्याच गाडीचे एक्सल (गोळ्यातून चाकापर्यंत जाणारे दांडे) घालतं आणि मग विचारतं, ‘‘भाऊ, एक्सल तं बराबर घुसला, मंग आवाज काहून येते?’’ घुसला म्हणजे बसला, असं होत नाही.

विलीज या मूळ जीप कंपनीच्या घराण्यातल्या जीपच्या एक्सलला कुठे १० जाड दात असतात, तर कुठे १९ बारीक. १० चा एक्सल १९ च्या सन गिअरमध्ये (गोळ्यातल्या ज्या गिअरमध्ये एक्सलचं टोक बसतं त्यात) जातच नाही, म्हणजे चूक जागेवर कळते. खरी फसगत दात जुळतात तेव्हा होते. जीपचा गोळा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून एक एक्सल लांब, एक आखूड. दुसऱ्या मॉडेलच्या हौसिंगमध्ये ही लांबी थोडी जरी वेगळी निघाली तरी पुढे त्रास ठरलेला.

लांबी तपासायला आम्ही एक्सलच्या दातांना मार्किंगचा निळा रंग लावतो, एक्सल पूर्ण आत घालून थोडा फिरवतो आणि बाहेर काढतो. रंग जिथे घासला गेला ती पट्टी व्हर्नियरने मोजायची. ती सन गिअरच्या दातांच्या पूर्ण लांबीइतकी हवी. निम्मीच आली, तर सगळा जोर तेवढ्याच दातांवर येतो आणि घाटात भरल्या गाडीत ते पिळवटतात. उलट एक्सल लांब पडला, तर तो मधल्या ठोकळ्यावर टेकतो, आडवी मोकळीक उरत नाही, बेअरिंग तापतं. शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) घालून हजारांश इंचांचा फरक निघतो, पाव इंचाचा नाही. जुना एक्सल घेताना दातांवर पट्टी आडवी न धरता लांबीने धरा. दात तिरपे दिसले तर तो पिळलेला आहे, सोडून द्या.

लांब एक्सल लेथवर आखूड करून नवे दात पाडून द्या, अशी मागणी नेहमी येते. आम्ही ते करत नाही. एक्सलची ताकद वरच्या कडक केलेल्या थरात असते. तो कापला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. वेल्डिंगचा तर विचारही नको, चाक सुटून माणूस जातो.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं दातांचं प्रमाण एकच आहे का, हेही बघावंच लागतं. क्राउनचे (मोठ्या गिअरचे) ४३ आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे ८ दात म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८. पुढे एक आणि मागे दुसरं बसलं, तर कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावताच जॉइंटमध्ये (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या लांब दांड्यात) ताण भरतो, लिव्हर निघत नाही, शेवटी जॉइंटचा क्रॉस तरी तुटतो नाहीतर ट्रान्सफरचा (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीचा) गिअर. हौसिंग न उघडता ओळखायचं तर गाडी न्यूट्रल करा, एकच चाक उचला, दुसऱ्याला अडण लावा. उचललेलं चाक २ पूर्ण फेरे फिरवा आणि जॉइंटचे फेरे मोजा. सव्वापाच आणि साडेपाचच्या मधोमध आले तर ५.३८, पावणेपाच आणि पाचच्या मधोमध आले तर ४.८८.

क्राउन-पिनियन कायम जोडीनेच घ्यायचे, दोघांवर कोरलेला जोडीचा नंबर एकच हवा. सन गिअर आणि त्यांच्यामधले स्टार पिनियनही एकत्रच घ्यायचे. बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, आम्ही डायल गेजवर ६ हजारांश इंचाच्या आसपास ठेवतो.

निमुळत्या टोकाच्या एक्सलचा नट १५० फूट-पाउंडाच्या खाली सोडू नका. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळा, सैल करू नका. चाकाचा हब सैल राहिला तर आधी ‘की’ (हब एक्सलवर धरून ठेवणारी खुंटी) कापतो, मग एक्सल.

हल्ली डिफरन्शियल घ्यायला जाणाऱ्याला आम्ही आधी त्याच्या गाडीचे दोन्ही एक्सल काढून देतो आणि सोबत नेऊन तिथेच घालून बघायला सांगतो.