दमट हवेतून जोडतारा टिपताना

एकमेकांभोवती फिरत एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या ताऱ्यांचा नाद मला अल्गोल या ताऱ्यामुळे लागला. 1783 मध्ये जॉन गुडरिकने त्याच्या मंदावण्याची नियमितता जगापुढे मांडली, तीही नुसत्या डोळ्यांनी पाहून. पण तेज मोजायला बसलं की आमची गोव्याची हवा आडवी येते. तारा मंदावला की मधून विरळ ढग सरकला, आकड्यांवरून कळायला मार्ग नाही. म्हणून मी वर्णपटाकडे, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्याकडे आणि त्यातल्या काळ्या रेषांकडे वळलो. तारा आपल्याकडे येतो किंवा लांब जातो तशा त्या सरकतात. धुरकट हवेने रेषा फिकी पडते, पण जागची हलत नाही.

निवडला सारथी तारकासमूहातला बीटा ऑरिगे हा जोडतारा. ग्रहणात तो जेमतेम 0.1 प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) उतरतो. पेडण्याच्या गच्चीवरून ते मोजायचं नावच नको. त्याच्या रेषा दुहेरी होतात हे मात्र हार्वर्डच्या काचपट्ट्यांवर अँटोनिया मोरीने 1889 मध्येच हेरलं होतं.

दुर्बीण माझी, आठ इंची. वर्णपट टिपणारा स्पेक्ट्रोग्राफ पुण्याच्या मित्राचा. सगळा घाम गेला तो त्याच्या केसाहून अरुंद फटीवर तारा धरून ठेवण्यात. त्यात दंव! शेवटी हेअर ड्रायर गच्चीवरच मुक्कामाला. देवळात काला असला की पहाटेपर्यंत दशावतार आणि दिव्यांचा लखलखाट. पण एवढ्या ठळक ताऱ्याच्या वर्णपटाला त्याने काही फरक पडत नाही. प्रत्येक फोटोच्या आधी आणि नंतर निऑन दिव्याचा वर्णपट घ्यायचा, कारण तापमान उतरलं की यंत्र किंचित सरकतं.

या जोडीची फेरी 3 दिवस 23 तास 2 मिनिटांची, चार दिवसांना तासभर कमी. त्यामुळे सिलिकॉनची 6347 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथली रेषा एका रात्री एकच दिसली, दुसऱ्या रात्री तिच्या दोन झाल्या, तिसऱ्या रात्री परत एक. एक तारा सेकंदाला सुमारे 110 किलोमीटरने आपल्याकडे येतो, दुसरा जवळपास तेवढ्याच वेगाने लांब जातो. दोघांचं वजन जवळजवळ सारखं, हे तिथेच कळलं.

पृथ्वीची स्वतःची गती वजा करून गणित केलं, तर दोघांच्या वजनांची बेरीज सूर्याच्या सव्वाचार पट आली. ही किमान बेरीज. खरी काढायला कक्षेचा कल (ती आपल्याला किती तिरकी दिसते) हवा, आणि तो मिळतो ग्रहणाचं तेज मोजून! तेव्हा कोरड्या आकाशाखालच्या लोकांनी काढलेला 77 अंशांचा कल उसना घेतला. बेरीज 4.6 पर्यंत चढली.