अरब सराय: हुमायूनच्या वाटेवरचं उजवं वळण

गोवा एक्सप्रेसने सकाळी हजरत निझामुद्दीनला उतरलो. बरोबर मामा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे जुन्या दरवाज्याची नक्षी बघायच्या आधी बिजागरी बघणारा. रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं, "अरब सराय." त्याने मान डोलावली आणि आम्हाला सराय काले खानच्या बस अड्ड्यावर नेऊन सोडलं. चूक माझीच. सराय म्हणजे मुसाफिरांच्या मुक्कामाची जागा, आणि दिल्लीत नुसतं सराय म्हणणं म्हणजे पुण्यात नुसतं पेठ म्हणण्यासारखं आहे. लाडो सराय, बेर सराय, युसूफ सराय, कटवारिया सराय, रेल्वेवाल्यांची सराय रोहिल्ला. मुसाफिर गेले, वस्त्या उरल्या. तेव्हा पहिला सल्ला: स्टेशनातून बाहेर पडताना सराय काले खानच्या बाजूला न जाता एक नंबर फलाटाच्या बाजूने निघा आणि रिक्षावाल्याला "हुमायूं का मकबरा" एवढंच सांगा. अरब सराय त्याच आवारात आहे.

तिकीट भारतीयांना रोखीने 40 रुपये, ऑनलाइन काढलं तर 35. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आवार सूर्योदयाला उघडतं, सूर्यास्ताला बंद होतं. आत शिरल्यावर सगळी गर्दी नाकासमोर मकबऱ्याकडे धावते. तुम्ही धावू नका. त्याच वाटेवर उजव्या हाताला आधी सरदार इसाखानच्या बागेचं दार लागतं आणि पुढे अरब सरायचा उंच दरवाजा. आम्ही तिथे पोचलो तेव्हा त्याच्या सावलीत एक शाळेची सहल डबे उघडून बसली होती. चारशे वर्षांपूर्वीही लोक इथे असेच बसले असणार, असं मामा म्हणाला. मग शिक्षक आले आणि डबे बंद झाले.

ही सराय 1560 च्या सुमाराची. हुमायूनची बेगम हाजी बेगम हिने ती बांधली असं मानतात. नावातला "अरब" कोण यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, बेगमेने मक्केहून आणलेले अरब इथे राहिले. दुसरं म्हणतं, मकबरा बांधायला आलेले इराणी कारागीर. मला दुसरं जास्त पटतं. शेजारी एवढं मोठं बांधकाम वर्षानुवर्षं चालणार असेल तर कारागिरांना छप्पर लागणारच. मामाने एका वाक्यात विषय मिटवला: "साईटवरच्या कामगारांची खोली आहे रे ही."

पुढे जहांगीरच्या काळात पूर्वेकडे बाजार जोडला गेला. त्या बाजूच्या दरवाज्यावरच्या लेखात जहांगीरच्या पदरी असलेल्या मिहर बानूचं नाव आहे. मग मुक्कामाची जागा बाजारपेठ झाली आणि बादशाहीचा जोर ओसरल्यावर भिंतींच्या आत चक्क गाव वसलं. शेजारच्या इसाखानच्या कबरीभोवतीही तसंच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे माणसं राहत होती. फाळणीच्या वेळी हुमायूनचा मकबरा आणि पुराना किल्ला या दोन्ही ठिकाणी निर्वासितांच्या छावण्या होत्या. त्यानंतर सरायच्या जागेत तरुणांना हातचं काम शिकवणारी संस्था आली. तीच आजची आयटीआय, नावसुद्धा "अरब की सराय".

हे कळल्यावर मामाचा पुढचा अर्धा तास तिथेच गेला. भिंतीपलीकडे वर्कशॉप असणार, म्हणून तो कान देऊन उभा. रखवालदाराला विचारलं, इथून तिकडे जाता येईल का? तो म्हणाला, "वो अलग है, सर." मामाला काही ते पटलं नाही. कारागिरांसाठी बांधलेल्या जागेत पुन्हा कारागीरच घडतायत, मग अलग काय?

दरवाजा आज जसा उभा आहे तसा तो तीसेक वर्षांपूर्वी पाहिलेल्यांना ओळखू येणार नाही. साधारण 14 मीटर उंच, लाल दगड, करडा क्वार्टझाइट, मध्येच पांढरा संगमरवर. वरच्या झरोक्यांवर नीट पाहा, रंगीत टाइल्सच्या खुणा दिसतील. बरंच पडझडीला आलेलं काम आगा खान सांस्कृतिक न्यासाने पुरातत्त्व खात्याबरोबर पुन्हा उभं केलं. पद्धत जुनीच, चुना आणि छिन्नी-हातोडा. विसाव्या शतकात डागडुजीच्या नावाखाली ठिकठिकाणी सिमेंट थापलं गेलं होतं. एकट्या मकबऱ्याच्या छतावरून दहा लाख किलो काँक्रीट उतरवावं लागलं. टाइल्स बनवायला निझामुद्दीन बस्तीतल्या मुलांना उझबेक कारागिरांकडून शिकवलं. एक तक्रार मात्र आहे. सगळं इतकं चापूनचोपून झालंय की इथे कधी धूर, शेण, पोरंटोरं होती हे वाटतच नाही. गावाचा एक कोपरा, एखादी चूल तरी दाखवायला हवी होती.

आत गेल्यावर अफसरवाला मशीद आणि कबर बघा. इथे शांत असतं. मधूनच निझामुद्दीनला येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. यमुना पूर्वी मकबऱ्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून वाहायची, आता त्या बाजूला रूळ आहेत. इसाखानच्या बागेत उतरताना लक्षात येतं की आपण खड्ड्यात उतरतोय. साचलेली माती काढून ती जुन्या पातळीला नेली आहे. इसाखान हा सूर घराण्याचा सरदार आणि त्याची कबर 1547 ची, म्हणजे मकबऱ्याच्याही आधीची. शेरशाह सूराने रस्तोरस्ती सरायांची माळ लावली होती. त्याच्या माणसाशेजारी मोगलांची सराय हा योगायोग, पण गमतीचा.

फोटोवाल्यांसाठी: सरायचा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे थंडीत त्यावर ऊन जवळपास पडतच नाही. दुपारच्या ढगाळ उजेडात तो बरा दिसतो. मकबऱ्याची पश्चिम बाजू संध्याकाळसाठी ठेवा. ट्रायपॉड घेऊन जाऊ नका, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. मामाने गुडघ्यामुळे वर चढायचं टाळलं आणि खाली बसून कारंज्यांचा उतार किती असावा याचा हिशोब केला. मे-जूनमध्ये येऊ नका, दगड भाजतो. डिसेंबर अखेरीस आणि जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास उशिरा येतात. फेब्रुवारी उत्तम.

निवांत बसायचं असेल तर आवारालगतच्या सुंदर नर्सरीत जा. त्याचं तिकीट वेगळं. नवी दिल्लीच्या रस्त्यांना कोणती झाडं मानवतील हे पाहायला इंग्रजांनी काढलेली ही रोपवाटिका, 2018 मध्ये 90 एकरांचं उद्यान म्हणून खुली झाली. इथे मात्र सतरंजी टाकून डबा उघडायला कोणी अडवत नाही. 2024 पासून दोन्हींच्या मध्ये जमिनीखाली संग्रहालयही आहे, बावडीसारखं खाली उतरत जाणारं. उन्हातून आलात तर आधी तिथे शिरा.

सगळं मिळून पाच तास धरा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर बॅगेला कुलूप लागतं. आमच्याकडे नव्हतं, मामाला स्टेशनबाहेर जाऊन घ्यावं लागलं. त्याने ते दोनदा उघडून-लावून पाहिलं, म्हणाला, "लीव्हर बरी आहे," आणि मगच पैसे दिले.