दुपारीच बसणारं मशीन

हनुमान जयंतीच्या सप्ताहांचे दिवस आले की अंबाजोगाईतल्या माझ्या साउंड दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. अशाच गर्दीत केजकडचे एक साउंडवाले मामा रिक्षातून मशीन, म्हणजे अँप्लिफायर, घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, पहाटं काकड्याला झकास वाजतंय. दुपारी गाथा भजनाला बसलं की फट्कन बंद. फायनल बदलून आणले, तरी परत तेच. परवा काल्याचं कीर्तन हाय, काय तरी करा."

दुपारीच का, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. रोग त्यातच सांगितलेला होता.

झाकण काढलं. फिल्टरचे दोन मोठे कपॅसिटर आधी शंभर ओहमच्या, दहा वॅटच्या रेझिस्टरने रिकामे केले. लाइट काढली तरी ते भरलेले राहतात आणि या मशीनला प्लस-मायनस पन्नास व्होल्ट होते. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे कारागीर मी पाहिलेत; मला ते अजिबात पटत नाही.

जळालेले फायनल, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे आउटपुट ट्रान्झिस्टर सी ५२०० आणि ए १९४३, काढून नवी जोडी बसवली. मेनमध्ये शंभर वॅटचा बल्ब सिरीजला लावून मशीन चालू केलं. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. म्हणजे कुठे शॉर्ट नाही. आउटपुटला डीसी पाहिला, वीस मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे ठीक. बरेच जण इथेच झाकण लावून पैसे घेतात. या मशीनचंही आधी तेच झालं असणार.

मी बल्ब काढला, सरळ लाइट दिली आणि ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावला. पाच मिलिव्होल्ट, म्हणजे आवाज नसतानाही वाहणारा करंट, ज्याला बायस म्हणतात, साधारण तेवीस मिलिअँपिअर. अगदी बरोबर. मग हेअर ड्रायर आणून मागच्या बाजूने, ट्रान्झिस्टरची गरमी बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकच्या पात्यांवर गरम हवा सोडली. पाचाचे नऊ झाले. नवाचे सोळा. ड्रायर बंद केला तरी आकडा चढतच राहिला! तिशीला गेल्यावर मी झटकन स्विच पाडला. मामा शेजारी उभे होते. त्यांना आकड्यांचं काही कळत नव्हतं, पण माझा हात कसा धावला ते त्यांनी पाहिलं.

ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो, करंट वाढतो, करंट वाढला की तो अजून तापतो. हे चक्र थांबवायला बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर, इथे बीडी १३९, त्याच हीट सिंकला चिकटलेला असावा लागतो. तिथली गरमी त्याला कळली की तो बायस आपोआप खाली आणतो. इथे तो प्लेटवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, उभाच्या उभा मोकळा होता. हीट सिंकवर त्याच्या स्क्रूचं भोक रिकामं, कडेला जुनी पांढरी पेस्ट वाळून कडक झालेली. मागे कुणीतरी काढला आणि परत आवळलाच नाही. पहाटेच्या गारव्यात ते खपून जायचं. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, चाळीसच्या वरच्या उन्हात, कसं खपेल?

मध्ये करंट अडवणारा माइकाचा तुकडा घातला, नवी पेस्ट लावली, वायरी लांबवून बीडी १३९ स्क्रूने घट्ट बसवला. बायस प्रीसेटने, म्हणजे फिरवता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरने, परत लावला. पुन्हा ड्रायर सोडला: आकडा सहापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग स्पीकरऐवजी आठ ओहमच्या डमी लोडवर तासभर मशीन दणकून चालवलं.

जोडणीही विचारली. आठ ओहमचे चार स्पीकर एकाच चॅनेलला पॅरलल, म्हणजे मशीनला फक्त दोन ओहम! दोन-दोन सिरीजमध्ये घेऊन त्या जोड्या पॅरलल करा, परत आठ ओहम होतील, हे मी कागदावर चित्र काढून दिलं. मामांनी आवाज कमी होईल अशी कुरकुर केली. थोडा होईल, म्हटलं, पण कीर्तन पूर्ण होईल.

कीर्तन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा दुसरं मशीन घेऊन आले. ते बिघडलेलं नव्हतं. "याचाबी तो बारका आवळलेला हाय का, तेवढं बघा," म्हणाले.