दोन महिने रक्तवाढीच्या गोळ्या खाल्ल्या आणि रक्त पोटातच सांडत होतं – माझा अल्सरचा अनुभव

मी सांगलीजवळ माधवनगरला राहते, घरीच मशीन टाकलंय, ब्लाऊज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवते. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या तोंडावर इतकं काम आलं की रात्री बारा-एकपर्यंत मशीनवर, आणि मान अशी धरली की वळवताच येईना. मेडिकलमधून गोळी आणली, डायक्लोफिनॅकची, चिठ्ठी कुणी विचारली नाही आणि मीही दाखवली नाही. सकाळी उठलं की आधी चहा, चहाबरोबर ती गोळी, रात्री परत एक. जेवणाचं म्हणाल तर कधी अकराला कधी दोनला, गुरुवारी उपास तो वेगळाच. गोळी घेतली की मान मोकळी व्हायची म्हणून जून गेला, जुलै गेला, गोळी काही सुटली नाही.

गणपतीच्या आसपास पोटात चालू झालं. बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा, तिथं जेवल्यावर अर्ध्या तासात आत कुरतडल्यासारखं दुखायचं. घरात सगळ्यांचं एकच, पित्त झालंय. थंड दूध पी, जिऱ्याचं पाणी पी, सोडा घे, सगळं केलं. दुधानं तासभर गार वाटायचं आणि मग परत जास्तच जळजळायचं. आत्या म्हणाल्या, तिखट बंद कर, म्हणून कांदा-लसूण चटणी बंद केली, भाकरीबरोबर नुसतं वरण खायला लागले, तरी दुखणं तिथंच. जेवायचीच भीती बसली आणि वजन पाच किलोनं उतरलं, बायका म्हणायच्या बारीक झालीस छान दिसतीस.

दिवाळीच्या ब्लाऊजच्या गडबडीनंतर जिना चढला तरी धाप लागायची, पाण्याची कळशी उचलली की डोळ्यापुढं अंधारी. जवळच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.८. बायकांच्यात असतंच कमी म्हणाले आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, वर सांगितलं की यानं संडासला काळं होईल, घाबरायचं नाही. पोटाचं मी सांगितलं तर पित्ताची गोळी लिहून दिली, लागेल तेव्हा घ्या. पण रक्त कमी का झालं हे त्यांनी विचारलं नाही आणि मानेसाठी रोज काय खाते हे मीही सांगितलं नाही, कारण ते "औषध" आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं, अंगदुखीची गोळी म्हणजे काय सगळेच घेतात.

मग संडासला काळं व्हायला लागलं आणि मला सांगितलेलंच होतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. दोन महिने. हे मला आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. लोहाच्या गोळीनं होतं ते काळपट-हिरवट आणि एरवीसारखंच घट्ट असतं. पोटात रक्त सांडून जे होतं ते डांबरासारखं असतं, चिकट, चकचकीत, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसतं आणि वास असा की ओळखू येतोच. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं पण फरक असतो हेच माहीत नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारी गेले होते, वाण घ्यायला उठले आणि तिथंच खाली बसले, घाम फुटला, हातपाय गार. ह्यांनी रिक्षा केली आणि थेट मिरजेला. आमच्याकडं कुणालाही जास्त झालं की मिरज, कर्नाटकातनं सुद्धा लोक येतात तिथं दवाखान्याला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले, अंगदुखीच्या गोळ्या घेता का, संडासचा रंग कसा, आणि चिकट असतं का. तिन्हीची उत्तरं दिली तशा त्या ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, आज ॲडमिट करायचं. हिमोग्लोबिन ६.८ आलं. दोन पिशव्या रक्त चढवलं, सलाईनमधनं ॲसिड कमी करायचं इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातनं कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतनं बघायचं.

एन्डोस्कोपीला मी फार भ्याले होते म्हणून सविस्तर सांगते. रात्रीपासून उपाशी ठेवतात कारण पोट रिकामं पाहिजे. घशात एक कडू स्प्रे मारला, पाच मिनिटांत घसा बधिर, थुंकी गिळतोय का नाही तेच कळेना. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लास्टिकची कडी दिली, म्हणाल्या नाकानं श्वास घ्या, गिळायचा प्रयत्न करू नका, लाळ बाहेर येऊ दे. नळी खाली जाताना दोन-तीनदा जोराची उबळ आली, डोळ्यांतनं पाणी, पण दुखलं असं नाही. नर्सताई पाठीवरनं हात फिरवत होत्या त्याचा फार आधार झाला. दहा मिनिटांत संपलं. जठराच्या खालच्या भागात एक सेंटिमीटरची जखम होती, तोच अल्सर, रक्त तेव्हा थांबलेलं होतं. तिथले छोटे तुकडे काढले, काही कॅन्सर नाही ना हे बघायला लॅबला गेले (तो रिपोर्ट येईपर्यंतचे पाच दिवस मी कसे काढले मलाच माहीत, चांगला आला) आणि एक तुकडा पिवळ्या जेलच्या छोट्या डबीत टाकला. थोड्या वेळानं मला ती डबी दाखवली, गुलाबी झाली होती. म्हणजे एच. पायलोरी नावाचा जंतू आहे.

हा जंतू जठरातल्या ॲसिडमध्ये जगतो कारण तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं ॲसिड मारून टाकतो, त्यामुळंच जेलचा रंग बदलतो. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, घरातल्या घरात किंवा घाण पाण्यातनं, आणि खूप जणांना आयुष्यभर काही होतही नाही. पण त्यात मी रोज डायक्लोफिनॅक घेत होते. जठराच्या आतल्या अस्तराला वाचवणारा जो चिकट थर असतो तो बनायला जे द्रव्य लागतं तेच ही गोळी अडवते. म्हणजे जंतूनं भिंत पोखरलेली आणि मी वरनं गिलावा काढत होते. मी विचारलं, मग तिखट आणि टेन्शन? बाई म्हणाल्या, पूर्वी डॉक्टरसुद्धा तेच मानायचे. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू शोधला तर कुणी ऐकेना, शेवटी १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं पाणी स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली, आणि २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. तिखटानं असलेली जखम झोंबते, पण जखम तिखटानं होत नाही. पाच महिने मी चटणीला दोष देत बसले होते.

औषध चौदा दिवसांचं. ॲसिड कमी करायची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास, आणि जंतू मारायला बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, दिवसभर गोळ्याच गोळ्या. मी भिंतीवर कॅलेंडर लावून खडूनं फुल्या मारल्या. तोंडाला कायम तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव, मळमळ, जीभ काळी पडलेली. बिस्मथनं संडासलाही परत काळं होतं, पण ह्यावेळी कसलं काळं चालेल आणि कसलं झालं तर लगेच यायचं हे नीट समजावून दिलं होतं. दूध त्या गोळीच्या वेळेला बंद, कारण दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला अंगात शिरू देत नाही, लोहाची गोळीही त्यासाठीच चौदा दिवस थांबवली. नवव्या दिवशी दुखणं पूर्ण गेलं आणि मला वाटलं आता पुरे, पण बाईंनी आधीच सांगितलं होतं की अर्धवट सोडलं तर उरलेला जंतू पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही. सोडलं नाही.

ॲसिडची गोळी मात्र आठ आठवडे. मग परत एन्डोस्कोपी, कारण जठरातली जखम भरलीय का हे डोळ्यांनीच बघावं लागतं. भरली होती, नुसता पांढरट वण. त्यानंतर ती गोळी दोन आठवडे बंद करून संडासची तपासणी, गोळी चालू असताना केली तर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं. त्या दोन आठवड्यांत एवढी जळजळ झाली की मी रडले, परत अल्सर झाला म्हणून. फोन केला तर म्हणाल्या, गोळी बंद झाली की शरीर थोडे दिवस जास्त ॲसिड करतं, उतरेल, तोवर पातळ औषध घ्या. उतरलं. रिपोर्ट निगेटिव्ह. मे महिन्यात हिमोग्लोबिन ११.४.

मानेसाठी आता मशीनखाली दोन विटा आहेत, तासाला उठते, फारच झालं तर नुसती पॅरासिटामॉल. चटणी परत खाते.

आत्यांच्या उशीखाली मला गेल्या आठवड्यात गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, चार रिकामी. मी त्यांना रंग विचारला. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "अगं काळपट होतंय, पण मी कुठं रक्तवाढीच्या गोळ्या खाते?" सोमवारची मिरजेची वेळ घेतलीय, पाकिटं पिशवीत टाकून ठेवलीत.