कोअर.इग्नोअरकेस: ही सेटिंग हाताने बदलू नका

कोअर.इग्नोअरकेस ही गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) एक सेटिंग. टीमच्या सेटअप नोंदींमध्ये तिच्याबद्दल एक ओळ होती: 'नावातला कॅपिटल-स्मॉल बदल गिटला दिसत नसेल, तर कोअर.इग्नोअरकेस फॉल्स करा.' ती तपासून नव्याने लिहायचं काम आमच्याकडे आलं. निमित्त होतं पडलेल्या बिल्डचं, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार न झाल्याचं. मॅक आणि विंडोजवर सगळं सुरळीत, लिनक्सच्या सीआय मशीनवर (कोड आपोआप तपासणाऱ्या) मात्र 'मॉड्यूल सापडत नाही'. इम्पोर्टमध्ये स्मॉल बीचं बटन.जेएस, रेपोमध्ये (गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात) कॅपिटल बीचं.

मुळात ही सेटिंग माणसाने ठरवायची नाहीच. इनिट (नवा रेपो) किंवा क्लोन (असलेल्या रेपोची प्रत) करताना गिट स्वतः डिस्क तपासतं. .गिट फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' फाइलच्या नावातलं एकाआड एक अक्षर कॅपिटल करून ती फाइल सापडते का, हे पाहतं. सापडली, तर डिस्क केस, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक, मानत नाही, म्हणून ट्रू लिहितं. तिथे फॉल्स लिहिल्याने एपीएफएस किंवा एनटीएफएस (मॅक आणि विंडोजच्या फाइल सिस्टिम) बदलत नाही, फक्त गिटला खोटी माहिती मिळते.

मॅकवर सेटिंग बदलून पाहिलं. सेटिंग ट्रू असताना फाइंडरमधून नाव बदललं, तर गिट स्टेटस गप्प. ॲड केलं तरी इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी गिटने ठेवलेल्या फाइलींच्या यादीत) जुनंच नाव राहतं. फॉल्स केल्यावर स्मॉल बीची फाइल 'अनट्रॅक्ड' (गिटच्या यादीत नसलेली) म्हणून दिसली, आणि इथेच माणूस फसतो. ती ॲड केली की इंडेक्समध्ये दोन नोंदी, डिस्कवर फाइल एकच. जुनी नोंद काही निघालेली नसते. कमिट (नोंदवलेला बदल) सर्व्हरवर पुश झाला, की लिनक्सवर खरोखर दोन फाइली उतरतात. बिल्ड हिरवा होतो, आणि पुढचे बदल कधी एकीत, कधी दोन्हीत जातात.

निस्तरताना नुसतं 'गिट आरएम' (फाइल काढण्याची आज्ञा) चालवू नये. डिस्कवरची एकुलती एक फाइल जाते आणि दुसरी नोंद 'डिलीटेड' दिसू लागते. 'गिट आरएम --कॅश्ड' आणि जुनं नाव, एवढंच; त्याने फक्त इंडेक्समधली नोंद निघते. तो कमिट पुल करणाऱ्या मॅकवाल्यांकडेही फाइल उडू शकते; 'गिट रिस्टोअर'ने ती परत येते.

नावच बदलायचं असेल, तर सेटिंगला हात न लावता 'गिट एमव्ही' (नाव बदलण्याची आज्ञा). सध्याच्या गिटमध्ये एका फाइलसाठी ते थेट चालतं. फोल्डरला मात्र चालत नाही: नवं नाव आधीच अस्तित्वात आहे असं समजून गिट फोल्डर त्याच्याच आत हलवायला जातं आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' देतं. म्हणून आधी तात्पुरतं नाव, मग हवं ते, आणि दोन्ही एकाच कमिटमध्ये.

मुळातच अशी जोडनावं, म्हणजे फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली नावं, असलेले रेपोही आहेत. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्क गाळणाऱ्या भागात एक्सटी_टीसीपीएमएसएस.सी कॅपिटल आणि स्मॉल अशा दोन्ही रूपांत आहे, आणि दोन्हींची कामं वेगळी. मॅकवर क्लोन केलं, की काहीही न करता 'मॉडिफाइड' दिसतं. गिट 2.20 पासून क्लोन करताना तशी सूचना तरी मिळते. इथे उपाय डिस्कचाच: मॅकवर केस-सेन्सिटिव्ह एपीएफएस व्हॉल्यूम, विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून रिकाम्या फोल्डरवर एफएसयुटिल या आज्ञेची सेटकेससेन्सिटिव्हइन्फो, आणि क्लोन त्यानंतर.

जुनी ओळ काढली. तिच्या जागी एमव्हीच्या पायऱ्या, आणि सीआयमध्ये एक तपासणी: 'गिट एलएस-फाइल्स'चं आउटपुट (फाइलींची यादी) 'सॉर्ट -एफ' आणि मग 'युनिक -डीआय'मधून सोडायचं, म्हणजे केस न मानता सारखी ठरणारी नावं छापली जातात; काही छापलं गेलं तर बिल्ड थांबवायचा. फोल्डरच्या नावात फरक आणि आतल्या फाइली निराळ्या असतील, तर ही तपासणी तो पकडत नाही. तेही नोंदीत लिहून ठेवलं आहे.