काँगा लॉग, महिना पाचवा: सम सुटता सुटेना

मागच्या अपडेटनंतर काही टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही नव्हतंच, तीन आठवडे एकाच तुंबाओवर (काँगाचा मूळ ठेका) अडकून बसलेलो. परवा जरा सुटलं म्हणून लिहून ठेवतो, आत्ताच सुरू केलेल्यांनाही कामाला येईल.

नवीन लोकांसाठी आधी नावांचा घोळ. काँगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच क्युबन ड्रम. आपल्याकडे ऑर्केस्ट्रातली मंडळी सरसकट काँगो म्हणतात, क्युबातलं नाव तुंबादोरा. त्यात टिपेचा बारका तो किंतो, मधला काँगा, खर्जातला मोठा तुंबा. माझ्याकडे मधला एकच आहे, पावणेबारा इंची, सेकंडहँड. बोंगो वेगळा, तो जोडीचा असतो आणि गुडघ्यांत धरून वाजवतात, लहान माचो म्हणजे नर, मोठी हेंब्रा म्हणजे मादी, आणि गंमत म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचा लहान ड्रम डावीकडे येतो, तबल्याच्या बरोब्बर उलटं. मी मित्राच्या बोंगोवर दहा मिनिटं बसलो आणि डोकं फिरलं, सो तो नाद सध्या बंद.

आता तुंबाओ. चार मात्रांत आठ आघात: डावी टाच (म्हणजे तळव्याची), डावी बोटं, उजवा स्लॅप (फटकन वाजणारी थाप), डावी बोटं, परत डावी टाच, डावी बोटं आणि शेवटी उजव्याने दोन ओपन (घुमणारी मोकळी थाप). कागदावर बघितलं तर हे काय, एका दुपारचं काम. पण नीट बघा, पहिल्या मात्रेवर काय येतं? डाव्या हाताची टाच, ती पण जेमतेम ऐकू येईल अशी. खणखणीत जे काही आहे ते चौथ्या मात्रेवर आणि तिच्या पुढच्या अर्ध्यावर. आणि मी लहानपणी सहा वर्षं तबला शिकलेला, नंतर भजनात ढोलकी, हाताला सवय काय तर फिरून फिरून समेवर यायचं आणि धप्पकन बसायचं. वाजवताना कळत नव्हतं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर दर वेळी एकवर माझी टाच दाणकन पडतेय. बायको आतून म्हणाली, आज कुणाकडे भजन आहे का?

दोन आठवडे मेट्रोनोम लावून बघितला, उपयोग शून्य, कारण क्लिकसुद्धा एकवरच येतो आणि हात त्याच्याकडेच धावतो. मग बास ऐकायला लागलो तेव्हा ट्यूब पेटली. साल्सात बास बहुतेक वेळा दोनच्या पुढच्या अर्ध्यावर आणि चारवर वाजतो, चारचा सूर तसाच पुढे ओढतो आणि एक चक्क रिकामा सोडतो. म्हणजे समेला टाळणारा मी एकटा नाही, अख्खा बँडच तिला वळसा घालून जातोय! आता बासची ओळ तोंडाने गुणगुणत वाजवतो आणि टाच आपोआप हलकी पडते. सध्या ८४ बीपीएमला (मिनिटाला ८४ मात्रा) पाच मिनिटं सलग टिकतो, खरी साल्सा याच्या दुपटीच्या आसपास असते, त्यामुळे उड्या मारण्यासारखं काही नाही.

स्लॅपचं रडगाणं चालूच. जोर लावला की बोटं सुजतात आणि आवाज फटकन यायच्या ऐवजी थपकन येतो. हात सैल सोडून, पंजा किंचित वाटीसारखा ठेवून बोटांची टोकं कातड्यावर पडू द्यायची, एवढंच आहे म्हणे. दहातले तीन लागतात. अंगठी काढा मात्र, मी शहाणपणा केला आणि एकदा ठेचून घेतलं.

त्यात पाऊस. कातडं खरं असल्याने दमट हवेत पार ढिलं पडतं, रोज पाना घेऊन बसतो, प्रत्येक बोल्टला पाव फेरा, एकच कसत सुटायचं नाही. पूर्वी क्युबात कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं आणि ज्योतीवर शेकून चढवायचे, आपल्याकडे हलगी शेकतात तसंच. १९४० च्या सुमारास क्युबन बँडलीडर आर्सेनियो रोद्रिगेसने आपल्या बँडमध्ये काँगा घेतला, १९४७ मध्ये क्युबन काँगावादक चानो पोसो न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पीच्या जॅझ बँडमध्ये वाजवत होता, त्या काळातली रेकॉर्डिंग ऐकताना हे आठवतं आणि माझ्या पान्याबद्दलची तक्रार जरा कमी होते.

अजून एक, ड्रम जमिनीवर सपाट ठेवू नका, आवाज खालून बाहेर पडतो. मी पायांत धरून थोडा तिरका करतो, ओपनला लगेच घुमारा येतो. शेजारच्या काकूंनाही तो लगेच ऐकू येतो, म्हणून साडेआठनंतर वर टॉवेल.

पुढचं टार्गेट क्लावे (साल्साचा पाच आघातांचा पायाभूत ठेका), ३-२ वालं म्हणजे आधी तीन मग दोन, पायाने धरून वर तुंबाओ. आज ट्राय केलं. पाय सुरू झाला की हात थांबतात आणि हात सुरू झाले की पाय गुपचूप एकवर जाऊन बसतो.