रोजनिशी पुन्हा सापडावी म्हणून

रोजनिशी लिहिणारी माणसं एकत्र आली की बोलणं दोन गोष्टींवर येतं: रोज लिहायला बसायचं कसं आणि पेन कुठलं चांगलं. लिहिलेलं परत हाती लागतं का, हा प्रश्न मागेच राहतो. पाच-सहा वह्या भरल्या की ती मालिका कधी संपवली, त्या पुस्तकातलं ते वाक्य कुठल्या पानावर होतं, हे विचारणारं दुसरं कोणी नसतं, आपणच असतो. उत्तर वहीत असतं, पण वही उत्तर देत नाही. माझ्या मते कागद, शाई, शिलाई, मथळे, सूची हे सगळे निर्णय याच एका प्रश्नावर तपासून घ्यावेत. तो सुटला की रोज बसण्याचाही प्रश्न बराच हलका होतो, कारण उपयोगी पडणारी वही आपोआप उघडली जाते.

वहीपासून सुरुवात करू. वर्षाची जाडजूड वही एकदम घेण्यापेक्षा ए-4 च्या आठ कागदांचा एकेक फर्मा (एकात एक दुमडून शिवलेली जुडी) शिवत जावा आणि बारा फर्मे झाले की एकत्र बांधावेत. आठ कागद मधोमध दुमडले की ए-5 आकाराची 32 पानं होतात. बारा फर्म्यांची 384. पिशवीत फक्त चालू फर्मा राहतो, तो हरवला तरी वर्ष हरवत नाही, आणि लिहिताना तो टेबलावर सपाट पडतो. पानांवर आधीच तारखा घालून ठेवू नयेत. एका दिवसाला चार ओळी पुरतात, दुसऱ्या दिवसाला तीन पानं लागतात, आणि आधी तारीख टाकलेलं कोरं पान लिहिणाऱ्याला रोज टोचतं. पानांचे आकडे मात्र आधीच टाकावेत, आणि वर्षभर सलग: पहिला फर्मा 1 ते 32, दुसरा 33 ते 64. सूचीचा सगळा डोलारा या आकड्यांवर उभा असतो.

घरी शिवलेली वही फुगते, उघडताना कुरकुरते, तेव्हा दोष बहुतेक वेळा शिलाईचा नसतो. कागदाच्या तंतूंची दिशा चुकलेली असते. यंत्रावर कागद तयार होताना तंतू एका दिशेला जास्त वळतात. त्या दिशेला समांतर घडी सहज आणि स्वच्छ बसते. आडवी घातली तर घडीवर कागद तडकतो आणि ओल लागली की पान लाटेसारखं होतं. बाजारातल्या ए-4 कागदात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी येते. उपाय सोपा आहे: लांब बाजूला समांतर तंतू असलेला ए-3 कागद आणून मधोमध कापायचा. त्यातून निघालेल्या ए-4 मध्ये तंतू आखूड बाजूला समांतर असतात आणि वहीच्या कण्याच्या दिशेने येतात. खात्री करायची तर कागद न दुमडता नुसता दोन्ही बाजूंनी वाकवून हलकेच दाबावा. ज्या बाजूने कमी विरोध होतो, ती घडीची बाजू. वजन दर चौरस मीटरला 80 ते 100 ग्रॅम असावं. त्याहून पातळ कागद शाईला उत्तम असू शकतो, पण मागचं लिखाण पुढे दिसतं. कागद आम्लविरहित हवाच. लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहिलेला स्वस्त कागद उजेडात पिवळा पडतो आणि पुढे घडीवर तुटतो.

शिलाईला पाच छिद्रं पुरतात. घडीच्या आत वरच्या टोकापासून 15, 60, 105, 150 आणि 195 मिलिमीटरवर खुणा करून दाभणाने आतून बाहेर टोचायचं. छिद्र सुईपेक्षा मोठं झालं की वही सैल पडते. दोरा साधारण 60 सेंटिमीटर, तागाचा किंवा जाड सुती, मेणातून ओढलेला. मधल्या छिद्रातून आतून बाहेर निघायचं आणि आत आठ सेंटिमीटर शेपूट सोडायचं. मग दुसऱ्यातून आत, पहिल्यातून बाहेर, पुन्हा दुसऱ्यातून आत. आतल्या आत मधलं छिद्र ओलांडून चौथ्यातून बाहेर, पाचव्यातून आत, चौथ्यातून बाहेर आणि शेवटी मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. दोरा ताणताना हात घडीच्या रेषेतच चालवावा. काटकोनात ओढला तर दोरा कागद चिरत जातो, आणि एकदा चिरलेलं छिद्र दुरुस्त होत नाही. आठ कागद एकात एक गेल्यामुळे आतले कागद बाहेर सरकतात, सर्वांत आतला जवळजवळ एक मिलिमीटर. कडा शिवून झाल्यावर छाटाव्यात, आधी नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी ओळीचं अंतर 8 मिलिमीटर ठेवावं. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असे दोन मजले आपल्या अक्षराला लागतात. 6 मिलिमीटरच्या ओळीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. निबही बारीकच हवी. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर आणि गाठीवर असतो. जाड निब किंवा फुटणारी शाई ती फट बुजवते. मजकूर संदर्भाने लागतो, पण माणसांची आडनावं आणि गावांची नावं कशी लागणार? रोजनिशीत तीच तर महत्त्वाची.

शाई फुटण्याचं कारण बहुतेकदा कागदाला कमी असलेली खळ (शाई पसरू न देणारा लेप), आणि त्यात भर पेनमधून जास्त येणाऱ्या शाईची. कागद बदलता येत नसेल तर आधी निब बारीक करावी, मग कमी वाहणारी शाई शोधावी. पानाच्या खालच्या तिसऱ्या भागातच पेन अडखळत असेल तर पेनला दोष देऊ नये. तळहाताचं तेल तिथे कागदाला लागलेलं असतं. हाताखाली एक जादा कागद ठेवला की हे थांबतं.

शाईच्या टिकाऊपणाबद्दल माझं मत ठाम आहे: साधी रंगद्रावाची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची, शाई रोजनिशीला नको. ती पाण्याने वाहते आणि उन्हाने उडते. रंगकणांची शाई पाण्याला दाद देत नाही, पण पेन आठवडाभर बंद राहिलं की निबखालच्या जिभेत सुकून बसते. लोहयुक्त शाई कागदावर फिकी उतरते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळी होत जाते. ती पक्की असते, पण आम्लधर्मी असल्यामुळे पोलादी निबेला जपावं लागतं. या दोन्हींसाठी पेन तीन-चार आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी किंवा अल्कोहोल वापरू नये, प्लास्टिक बिघडतं. हा व्याप नको असेल तर रंगकणांची जेल पेनं पुरेशी आहेत. घासून पुसता येणारी पेनं मात्र रोजनिशीत कधीच नकोत. त्यांची शाई साधारण 60 अंश सेल्सिअसला अदृश्य होते. उन्हात बंद गाडीत राहिलेली वही कोरी निघू शकते. शून्याखाली बऱ्याच थंडीत अक्षरं परततात, पण पूर्वीसारखी नाहीत.

नवी शाई घेतली की एका पट्टीवर दोन ओळी लिहून दिवसभर वाळू द्याव्यात, वर पाण्याचे थेंब मिनिटभर ठेवून टिपून घ्यावेत. दुसरी पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवावी. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की जाहिरातीपेक्षा खरं कळतं.

आता आत काय लिहायचं. भावना लिहाव्यात की घटना, हा वाद मला निष्फळ वाटतो. दोन्ही लिहा, पण घटनेला खिळे मारा. पुस्तकाची नोंद असेल तर आवृत्ती, वर्ष, अनुवादकाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि सोडलं असेल तर कुठल्या पानावर सोडलं ते. पुस्तकातलं वाक्य दुहेरी अवतरणात आणि पानाच्या आकड्यासह. आपलं मत अवतरणाबाहेर. ही शिस्त मोडली की काही वर्षांनी लेखकाचं वाक्य आपलंच वाटू लागतं. सिनेमा किंवा मालिका असेल तर भाषा, मूळ की डब केलेली, भाग कितवा, आणि जो प्रसंग लक्षात राहिला त्याची वेळ. "तिसरा भाग, 41व्या मिनिटाला, जिन्यावरचं बोलणं" एवढं लिहिलं की प्रसंग अर्ध्या मिनिटात पुन्हा काढता येतो. "छान होतं" लिहिलं तर काहीच काढता येत नाही.

छंदांच्या नोंदी आकड्यांवाचून निरुपयोगी ठरतात. विणकामात सुईचा मिलिमीटर, लोकरीच्या गुंड्यावरचा रंगाचा लॉट क्रमांक, आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि ओळी बसल्या ते, धुण्याआधी आणि धुतल्यानंतर वेगळं. लॉट लिहून ठेवला नाही तर जादा गुंडा आणताना छटा बदलते आणि बाहीचा रंग अंगाशी जुळत नाही. कुंडीतल्या रोपाला पेरल्याची तारीख, बी किती खोल, पहिला कोंब केव्हा.

सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने 1660 ते 1669 अशी रोजनिशी लघुलिपीत ठेवली. त्याने पाहिलेल्या नाटकांच्या नोंदी आज त्या काळच्या रंगभूमीच्या अभ्यासकांना कामी येतात, कारण त्यात नाटक कुठलं, दिवस कुठला, कोणी काम केलं, आवडलं की नाही, हे नेमकं आहे. डोळे जातील या धास्तीने त्याने लिहिणं थांबवलं. रात्री लिहिणाऱ्यांनी एवढं तरी करावं: उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली ओळीवर पडत नाही.

तिकिटं, पावत्या चिकटवण्याची हौस बहुतेकांना असते. उष्णतेने छापलेल्या तिकिटांची अक्षरं काही वर्षांत उडतात, प्लास्टिकच्या पाकिटात तर लवकर. चिकटवण्याआधी त्यावरचा मजकूर शेजारी हाताने उतरवून घ्यावा. पारदर्शक चिकटपट्टी पिवळी पडते आणि तिचा चिकटा मागच्या पानावर उतरतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ किंवा आम्लविरहित गोंदकांडी बरी. चिकटवलेल्या दर तीन-चार पानांमागे एक पान कण्याजवळ एक सेंटिमीटर सोडून कापून टाकावं. तेवढी जागा मोकळी झाली नाही तर वही पाचरीसारखी उघडीच राहते.

सूची हा मला सर्वांत प्रिय भाग. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने टिपणवहीसाठी एक पद्धत सांगितली होती. 1686 मध्ये ती फ्रेंचमध्ये छापली गेली आणि 1706 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, इंग्रजीत आली. मथळ्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर एवढंच पाहायचं. 20 अक्षरं आणि 5 स्वर, म्हणजे 100 रकाने. मराठीला ही पद्धत जास्तच शोभते, कारण आपली बाराखडी नेमकी तीच जोडणी करते.

आपले 20 गट असे पाडता येतात: स्वर, क, ख, ग-घ, च-छ, ज-झ, ट ते ढ, त-थ, द-ध, न, प-फ, ब-भ, म, य, र, ल, व, श-ष, स, ह. प्रत्येक गटाखाली पाच ओळी: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. एका पानावर पाच गट म्हणजे 25 ओळी. 7 मिलिमीटरच्या ओळींनी 175 मिलिमीटर, ए-5 पानात आरामात. चार पानांत सूची पूर्ण. ती वेगळ्या दोन कागदांच्या घडीवर आखून चालू फर्म्याला जोडून ठेवायची. पाऊस आणि प्रवास दोन्ही 'प, अ' मध्ये जातात, पुस्तक 'प, उ' मध्ये, विणकाम 'व, इ' मध्ये. जोडाक्षरात पहिलं व्यंजन आणि जोडाक्षराचा स्वर घ्यायचा. क्ष क मध्ये, ज्ञ ज मध्ये. अनुस्वार सोडून द्यायचा. ऋ मराठीत आपण रुसारखा उच्चारतो, म्हणून उ च्या ओळीत. बॅडमिंटनचा ॅ ए बरोबर, पॉडकास्टचा ॉ ओ बरोबर. दुसरा कुठलाही नियम चालेल, पण तो सूचीच्या माथ्यावर लिहिलेला हवा.

ओळीत फक्त पानाचा आकडा लिहायचा. पाऊस की प्रवास, हे त्या पानाच्या समासात लिहिलेला मथळा सांगतो. म्हणून समास 20 मिलिमीटर ठेवावा आणि मथळा एकाच शब्दाचा असावा. ही पद्धत बिघडते ती एकाच जागी: कधी चित्रपट, कधी सिनेमा, कधी पिक्चर असे मथळे पडतात आणि एका विषयाची पानं तीन ओळींत विखुरतात. सूचीच्या घडीच्या शेवटच्या पानावर मंजूर मथळ्यांची यादी ठेवावी, तीस-पस्तीस शब्दांची, आणि नवा मथळा सुचला की आधी त्या यादीवरून नजर फिरवावी. आकडे रोज भरायची गरज नाही. फर्मा संपला की 32 पानं उलटत समासातले मथळे उतरवायचे. त्यात जुन्या नोंदी एकदा वाचूनही होतात.

बारा फर्मे झाले की प्रत्येक फर्म्याचा दोरा कापून त्याच पाच छिद्रांतून सगळे एकत्र शिवता येतात. पुठ्ठ्याला त्याच उंचीवर, कडेपासून 8 मिलिमीटरवर छिद्रं पाडायची आणि पहिल्या फर्म्याचा दोरा त्यातून फिरवून त्याच छिद्रात परत न्यायचा. पुढच्या प्रत्येक फर्म्याला सुई बाहेर काढून आधीच्या टाक्याच्या मागून घ्यायची आणि त्याच छिद्रातून आत शिरायचं. दोरा एका वेळी दीड मीटरच घ्यावा. लांब दोरा गुंततो आणि छिद्रं घासून मोठी करतो. जोडगाठ नेहमी फर्म्याच्या आत यावी. सूचीची आठ पानी घडी तेराव्या क्रमांकाने मागे शिवावी, पुढे नाही, कारण सूची चाळताना बोट मूळ पानात ठेवून मागचं पान उघडणं सोयीचं जातं. कण्यावर वर्ष आणि पहिल्या-शेवटच्या पानाच्या तारखा लिहून वही उभी ठेवावी, भिंतीपासून दोन बोटं पुढे, म्हणजे भिंतीची ओल कागदात उतरत नाही.